नलिनी परबचं ‘आत्ता’

नलिनी परबचा मला हेवा वाटतो. ‘वाटायचा’ असं लिहून पाहिलं, पण ते खरं नव्हतं म्हणून खोडलं. ती मुंबई सोडून गेली त्याला वर्ष होत आलं. तरी कॉलेजच्या जिन्यात एखादा जुना विद्यार्थी भेटतो, नमस्कार करतो आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारतो, परब मॅडम कुठे असतात हल्ली? या मुलाला मी वर्षभर विद्युतशास्त्र शिकवलेलं असतं. तो विभाग मी फार चांगला शिकवते, हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत असावं, पण विचारतो तिच्याबद्दलच.

बोरीवलीच्या एका ज्युनियर कॉलेजात आम्ही दोघी फिजिक्स शिकवायचो. ती ‘ए’ तुकडीला, मी ‘बी’ला, आणि मधे एक पातळ भिंत. माझा पोर्शन डिसेंबरात संपायचा. तिचा कधी संपायचा ते तिलाही माहीत नसे. माझ्या वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येई आणि पंखा बंद असला की भिंतीपलीकडचं हसू. फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता पलीकडे एवढं काय चाललंय म्हणून माझा हात थांबायचा. मग माझी मुलंही कान टवकारायची आणि मी त्यांच्यावर डाफरायचे.

दिसायला ती काही खास नव्हती, हे मी मुद्दाम नोंदवते. ठेंगणी, सावळी, डाव्या खांद्यावर कायम खडूची पांढरी बोटं उमटलेली, कारण विचार करताना तिला खांदा खाजवायची सवय. पर्समध्ये छर्रे, रबरबँड, फुगे आणि अर्धी खाल्लेली चिक्की. डबा आणायची नाही. स्टाफरूममध्ये दुसऱ्यांचे डबे उघडून बघायची आणि ज्याची भाजी आवडेल त्याच्या शेजारी जाऊन बसायची. माझ्या शेजारी ती बहुतेक मंगळवारी बसे, माझ्याकडे मंगळवारी वालाचं बिरडं असे म्हणून.

घड्याळ ती वापरत नव्हती. वेळ बघायची तर तीन जणांना विचारायची आणि तिघांची तीन उत्तरं आली की मधलं धरायची. मी एकदा म्हटलं, अगं, मोबाइलवर दिसते की वेळ. तर म्हणाली, ‘‘मोबाइल एकटाच सांगतो गं. एकट्याचं मी मानत नाही.’’ यावर सगळी स्टाफरूम हसली. हेच मी बोलले असते तर सगळ्यांना मी शिष्ट वाटले असते.

ती वाकोल्याची. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर त्यांनी रिक्षाच्या सुट्या भागांचं छोटं दुकान टाकलं. ते वारल्यावर नलिनी आणि तिची आई अशा दोघीच दोन खोल्यांत राहायच्या. मी पार्ल्यात वाढलेली, लग्नानंतर बोरीवलीची झालेली. एम.एस्सी.ला मला तिच्यापेक्षा बरेच जास्त मार्क होते. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. तेवढं तिने विचारायला हवं होतं.

तिचा पहिला तास कसा असे, ते मी भिंतीला कान लावून ऐकलेलं आहे. पुस्तक न उघडता ती मुलांना विचारायची, ‘‘काल आठवतो ना? मग उद्या का नाही आठवत?’’ पोरं हसायची. एखादा म्हणे, मॅडम, उद्या अजून झालाच नाही. ती विचारायची, कुणाच्या मते? मग सांगायची की आपण शिकतो त्यातली बहुतेक समीकरणं काळ पुढे धावतोय की मागे, याची पर्वाच करत नाहीत. दोन चेंडू आपटून लांब गेले त्याची फिल्म उलटी फिरवली तरी त्यात काही चूक सापडणार नाही. चूक सापडते ती फुटलेल्या अंड्यात, विझलेल्या काडीत आणि आपल्या डोक्यात. मग काळाला दिशा कोणी दिली, चेंडूंनी की अंड्यांनी? असं विचारून ती खडू खाली ठेवायची. तास संपायचा आणि उत्तर कोणालाच मिळालेलं नसायचं. एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले, हे सिलॅबसमध्ये आहे का? नाही, असं तिने सरळ सांगितलं आणि मग त्यांनाच तो प्रश्न घातला. ते गृहस्थ ऑफिसला जायचे सोडून दुपारपर्यंत तिच्याशी वाद घालत बसले आणि जाताना धाकट्या मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करून गेले.

नाक आणि अंगठ्याचा प्रकार तर कॉलेजभर गाजला. मी संधारित्रं शिकवत होते. पलीकडे एकाएकी शांतता पसरली. नलिनीच्या वर्गातली शांतता काळजीचीच असायची, म्हणून मी बाहेर येऊन पाहिलं. अख्खा वर्ग कमरेत वाकलेला. प्रत्येकाचं एक बोट नाकावर आणि दुसरं पायाच्या अंगठ्यावर. दारात व्हाइस प्रिन्सिपॉल उभे, अगदी गंभीर गृहस्थ. त्यांना बघून नलिनी गडबडली नाही. म्हणाली, सर, तुम्ही पण करून बघा, दोन्हीकडे एकदम टिचकी मारा. एकदम कळलं ना? आता सांगा, नाक मेंदूच्या शेजारी आणि अंगठा पार खाली. अंगठ्याची बातमी उशिरा पोचायला हवी. मग दोन्ही एकदम कशा कळल्या? सर वाकले. खरंच वाकले, टाय लोंबकळत. मग नलिनीने सांगितलं की लांबची बातमी पोचेपर्यंत मेंदू थांबून राहतो, सगळ्या गोळा झाल्या की त्यांची मोट बांधतो आणि मग आपल्याला म्हणतो, हे घ्या तुमचं ‘आत्ता’. म्हणजे आपण सगळे किंचित जुन्या जगात राहतो. मागच्या बाकावरच्यांना मी आणखी थोडी जुनी दिसते, असंही वर म्हणाली. मी दारातूनच सांगितलं की मेंदूचं हे एक स्पष्टीकरण आहे, त्यावर एकमत नाही. ती हसून म्हणाली, ‘‘बघा, सुमेधा मॅडमना सगळं माहीत असतं.’’ ती हे मनापासून बोलली होती, याचाच मला जास्त राग आला.

आमच्याकडे अकरावीच्या प्रॅक्टिकलला एक जुनी रीत आहे. लंबकाचा प्रयोग करून गुरुत्वत्वरण काढायचं आणि ते नऊ पूर्णांक आठच्या आसपास आलं पाहिजे. मुलांना उत्तर आधीच ठाऊक असतं. ती उत्तरापासून उलटी मागे येतात आणि रीडिंग बनवतात. आम्हीही तसंच केलं होतं, आमच्या मास्तरांनीही केलं असणार. नलिनीच्या बॅचला याची सक्त मनाई होती. अंगठ्याने स्टॉपवॉच दाबलं आणि जे दिसलं ते जर्नलमध्ये उतरवायचं, मग ते कितीही वेडंवाकडं असो. कुणी रीडिंग बनवलं की तिची मालवणी बाहेर यायची, ‘‘मेल्यांनो, पृथ्वीक तुमी शिकवतलास?’’ एका वर्षी विभागप्रमुखांनी दोन्ही बॅचच्या जर्नल्स मागवल्या. माझ्या मुलांची उत्तरं अशी की जणू एकाच साच्यातून काढलेली. नलिनीच्या गठ्ठ्यातलं एकही उत्तर दुसऱ्याशी जुळेना. सरांनी माझ्या गठ्ठ्यावर न उघडताच सह्या केल्या. सुमेधाबाईंचं काय, बरोबरच असणार, असं म्हणाले. तिचा गठ्ठा मात्र चहा मागवून वाचत बसले. मधेच हसत होते, मधेच तिला हाक मारून काही विचारत होते. बरोबर असलेलं कोणी वाचत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

एवढंच असतं तर मी तिच्यावर लिहिलं नसतं. हसणारे वर्ग आणि वाकणारे व्हाइस प्रिन्सिपॉल मी पोटात घातले असते. पण ती माझ्या घरात आली आणि माझ्या वडिलांपाशी जाऊन बसली.

बाबा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. मोजमापाची साधनं बनवायचा तो कारखाना. मॅट्रिकनंतर त्यांना सायन्सला जायचं होतं, ते राहून गेलं. मग शाळेपासून माझं फिजिक्स त्यांनीच घेतलं. संध्याकाळी कारखान्यातून यायचे, हात धुवायचे आणि माझ्या पुस्तकासमोर बसायचे. मी जी काही आहे ती त्या जेवणाच्या टेबलाची आहे. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं आणि दोनेक वर्षांत त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग वार गेले, आणि मग मधली कितीतरी वर्षंच गेली. जेवण झालं की शर्ट-पँट घालून दारात उभे राहायचे, जेवणाची सुट्टी संपली, कारखान्यात जायचंय म्हणून.

‘‘बाबा, तुम्ही रिटायर झालात,’’ मी सांगायचे. त्यांचा चेहरा पडायचा. कधी? आणि मला कोणी सांगितलं कसं नाही? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक दुपारी मी त्यांना नव्याने निवृत्त करायचे आणि प्रत्येक दुपारी त्यांचा तेवढाच अपमान व्हायचा. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना फार दुरुस्त करत बसू नका. मी मान डोलावून घरी यायचे आणि दुरुस्त करायचे. खरं काय ते सांगायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

सकाळी त्यांच्याजवळ एक मावशी असत, त्या जेवण वाढून जात. दुपारी मी घरी असे, पण त्या वर्षी माझी प्रॅक्टिकल्स दुपारी लागली. एकदा पंचाईत झाली तेव्हा नलिनी म्हणाली, माझे तास सकाळीच संपतात, मी बसते. घर कॉलेजपासून चालत जाण्याएवढं. मी हो म्हटलं, कारण इलाज नव्हता. संध्याकाळी परतले तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसून बोलत होते आणि ही मांडी घालून खाली. तिने स्वतःचं नाव परब सांगितलं आणि त्यांनी ती तपासणी विभागात नवी लागलेली मुलगी आहे असं धरलं, एवढाच प्रकार. तिने ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ‘आज काय तपासायचंय?’ असं विचारलं होतं.

ते तिला स्लिप गेज समजावत होते. मापं ताडून बघायच्या पोलादाच्या छोट्या वड्या, इतक्या गुळगुळीत घासलेल्या की दोन वड्या एकमेकींवर सरकवल्या की घट्ट चिकटून बसतात. ना गोंद, ना लोहचुंबक. का चिकटतात, तिने विचारलं. बाबा म्हणाले, मधे तेलाचा पातळ थर असतो म्हणतात, हवेचा दाब म्हणतात, पोलादाचे कण एकमेकांना ओढतात म्हणतात. ‘‘मी रोज चिकटवतो, पण नक्की कशाने ते मला सांगता येत नाही.’’ हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी त्यांची मुलगी, फिजिक्सची मास्तरीण, आणि या वड्यांबद्दल मी तोवर एक अक्षर ऐकलं नव्हतं. कारण मी कधी विचारलं नव्हतं. टेबलावर विचारायचे ते, आणि उत्तरं द्यायचे मी.

त्यानंतर ती रोज यायला लागली. मी तिला थांबवू शकले असते, पण बाबा दारात उभे राहायचे बंद झाले होते. त्यांना जे हवं होतं ते कामच त्यांच्याकडे येत होतं. माझ्या वाटेचा मात्र एकच प्रश्न उरला. मी समोर आले की ते अदबीने विचारायचे, ‘‘आपण कोण?’’ मी सांगायचे, बाबा, मी सुमेधा, तुमची मुलगी. ते माझ्याकडे बघून संकोचून हसायचे. एखादी अनोळखी बाई जवळीक दाखवते तेव्हा सभ्य माणूस हसतो, तसं.

मी एक इलाज केला. भलंमोठं डिजिटल घड्याळ आणून त्यांच्या खुर्चीसमोर लावलं. त्यात वेळ, वार, तारीख आणि साल, सगळं ठळक लाल आकड्यांत. डोळ्यांसमोर खरी माहिती असली की माणूस ताळ्यावर येतो, हा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर घड्याळाच्या काचेवर कुंकवाचा मोठा टिळा. देवघरातल्या, आईच्या करंड्यातलं कुंकू. मी पुसलं, पुन्हा आलं. आठवडाभर हे चाललं. मावशींना वाटलं, आजोबा घड्याळाची पूजा करताहेत. नलिनीनेच उलगडा केला. कारखान्यात जो नग मापात बसत नाही त्याच्यावर लाल रंग लावून तो बाजूला काढतात. बाबांनी माझं घड्याळ नापास केलं होतं.

ती हसत सुटली. ‘‘अगं, बरोबरच आहे त्यांचं. त्यांच्या डोक्यातली बाकीची सगळी साधनं एक सांगतात आणि हे एकटंच भलतं सांगतं. मग चूक कोणाची धरायची?’’ पुढे म्हणाली, आपला मेंदू सगळ्या बातम्या गोळा होईपर्यंत थांबतो ना, तुझ्या बाबांचा जरा जास्त थांबलाय, एवढंच. शास्त्रीयदृष्ट्या हे वाक्य साफ चूक आहे. मी तसं म्हणाले. मग बोलायचं नव्हतं तेही बोलले.

‘‘ते तुझे वडील नाहीत ना. तुला सोपं आहे.’’

तिचं हसू थांबलं, पण ती रागावली नाही. खांदा खाजवत म्हणाली, ‘‘सोपंच आहे. ते मला विसरले तर माझं काय जातंय? म्हणून तर मला जमतं. माझ्या आईसमोर मला पाच मिनिटं बसवत नाही, सुमे. तिला सगळं आठवतं.’’

मी घड्याळ काढून माळ्यावर टाकलं. नलिनीने मांडी घालून बसायला एक सतरंजी आणली, तीही माझ्याच कपाटातून. बाबा तिला ‘परब, आलीस?’ म्हणायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि भांडी जरा जोरात आपटायचे. आपल्याच घरात आपल्याच बापाच्या तोंडून दुसरीचं नाव रोज ऐकणं काय असतं, हे ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक. त्यांच्यासाठी गोळ्या मी आणत होते, त्यांची नखं मी कापत होते, अंघोळीला बसत नाहीत म्हणून भांडत होते. गप्पा तिच्या वाट्याला.

मग तिच्या आईने गावचा हट्ट धरला. वाकोल्याची चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, आणि तोवर भाड्याच्या खोलीत राहणार नाही, मला कुडाळला ने, असं म्हातारीने ठरवलं. नलिनीने तिकडच्या एका कॉलेजात जागा बघितली. ऐकून मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. आणि त्या पाठोपाठ प्रश्न पडला, दुपारी बाबांचं कसं होणार?

शेवटच्या दिवशी माझं प्रॅक्टिकल लवकर आटोपलं. लॅच उघडून मी आत आले तर बाबा पाठमोरे, समोर सतरंजीवर नलिनी. तिला मी दिसत होते. मला वाटलं ती आता उठेल, निरोपाचं काही बोलेल. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा बाबांवर नेली.

‘‘तुमच्या मुलीबद्दल सांगत होतात ना,’’ ती म्हणाली. ‘‘कालचं अर्धं राहिलं.’’

कालचं? म्हणजे हे रोजचं होतं. मी चपला न काढता तिथेच उभी राहिले.

बाबा म्हणाले, ‘‘नववीत आहे. संध्याकाळी मी तिचं फिजिक्स घेतो. म्हणजे घेतो असं तिला वाटतं. मी आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वाचून ठेवतो गं, नाहीतर तिच्यापुढे टिकाव लागत नाही. एकदा सांगितलं की तिला कळतं. मला तीनदा वाचावं लागतं.’’ ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘परब, कुणाला सांगू नकोस. स्वतःच्या मुलीचा हेवा वाटतो मला. एवढं डोकं मला मिळालं असतं, एवढं शिकायला मिळालं असतं, तर. आणि हेवा वाटतो म्हणूनच रोज लवकर घरी जातो. तिच्यासमोर बसावंसं वाटतं.’’

नलिनीने मान हलवली, पर्स उचलली आणि उठली. ‘येते,’ एवढंच म्हणाली. बाबा म्हणाले, उद्या वेळेवर ये. ती माझ्या जवळून गेली तेव्हा मी तिला विचारणार होते, किती दिवस ऐकत होतीस हे, आणि मला का सांगितलं नाहीस? पण तिने माझा दंड दाबला आणि जिन्याकडे वळली. बाल्कनीतून मला ती शेवटची दिसली. रस्त्यापलीकडे उभी राहून एका रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होती, तो वाकोल्याला यायला तयार नव्हता. बहुतेक तिने त्याला पटवलं, कारण ती बसली आणि रिक्षा सुटली. वर बघून हात हलवेल असं वाटलं होतं. ती हलवणाऱ्यातली नव्हती.

मी आत आले आणि सतरंजीवर बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि अदबीने विचारलं, ‘‘आपण कोण?’’

सुमेधा, असं अगदी ओठांवर आलं होतं.

‘‘मी परबची मैत्रीण,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्या मुलीबद्दल ती नेहमी सांगते. मलाही ऐकायचंय.’’

बाबा खुर्चीत सावरून बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.